पिवळ्या फुलीचे चार टायर

एका मोठ्या कार्यालयाच्या वाहन-तपासणिसांनी घरच्या गाडीसाठी चार वापरलेले टायर अशा किमतीला आणले, की ती ऐकून शेजाऱ्यांच्या हातातला चहा गार झाला. किंमत शेवटी सांगू. आधी टायर पाहू. सहसा उलटं करतात, हे मान्य आहे.

गाडी चालवायच्या त्यांच्या बायको. डोंगरापलीकडच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका. रोज सकाळी सातला निघून अठरा वळणं चढायची आणि एकोणीस उतरायची. जुन्या टायरांची नक्षी झिजून ते तान्ह्या बाळाच्या गालासारखे झाले होते.

"अहो, नवे आणा. चार महिने सांगतेय."

"वापरलेले आणतो. वापरलेला म्हणजे अनुभवी."

"तुमचे ते अनुभवी दाताचे डॉक्टर. माझा चांगला दात काढून हातात दिला."

पण घरच्या अंदाजपत्रकात टायरांची तरतूदच नव्हती. सोफ्याची होती, आणि ती खर्ची पडली होती. सोफा पाहुण्यांना दिसतो. टायर फक्त रस्त्याला दिसतो.

तपासणिसांना कार्यालयात 'फुलीसाहेब' म्हणत. दर तीन महिन्यांनी एक यादी टाइप होऊन यायची. तिच्याबरहुकूम ते कार्यालयाच्या टायरांच्या आतल्या बाजूला रंगाने खूण करून खाली सही ठोकत. पांढरी बरोबरची खूण म्हणजे 'वापरास योग्य', पिवळी फुली म्हणजे 'वापरास अयोग्य'. फुलीचे टायर लिलावात जात. पुढे ते कुठे जातात, हा प्रश्न यादीत नव्हता. म्हणून कोणाला पडलाही नव्हता.

वापरलेल्या टायरांच्या दुकानात माल काळ्या पॉलिशने नवरदेवासारखा चमकत होता. तपासणिसांनी एका टायरला लाथ मारली. नव्या टायरला कोणी लाथ मारत नाही. वापरलेल्याला मारली की तपासणी पूर्ण होते.

"कोणाच्या गाडीचे?"

"एका आजोबांच्या, साहेब. फक्त दवाखान्यात जायचे."

"चारही?"

दुकानदाराने चौघांकडे नीट पाहिलं. "तीन आजोबांचे. हा एक आजींचा."

"यावर बनवल्याची तारीख असते ना? इथे तर घासलेलं दिसतंय."

"तारीख दुधावर बघायची, साहेब. टायर काय नासतो?"

हा युक्तिवाद तपासणिसांना इतका पटला, की त्यांनी तो घरी स्वतःचा म्हणून ऐकवला.

पहिल्या आठवड्यात स्टिअरिंग थरथरू लागलं. "गाडीत जीव आलाय," तपासणीस म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात पुढच्या टायरला लिंबाएवढा फुगा आला. "हवा चांगली धरतोय, त्याचं लक्षण." रविवारी मागचा टायर बसला. तो काढून खिळा शोधायला बाईंनी आतली बाजू रॉकेलच्या फडक्याने पुसली. पॉलिश फडक्यावर आलं आणि खाली पिवळी फुली उगवली. फुलीखाली लांब शेपटीची सही.

"ही शेपटी मी ओळखते," बाई म्हणाल्या. "आपल्या लग्नाच्या नोंदणीवर हीच आहे."

उरलेले तीन पुसले. चार फुल्या, चार शेपट्या.

तपासणीस तरातरा दुकानात गेले. "हे टायर वापरास अयोग्य आहेत!"

"कोण म्हणतं?"

"मी! ही बघा माझी सही!"

दुकानदाराने स्टूल पुढे केलं. "बसा साहेब. मला एवढंच सांगा, सही केलीत तेव्हा टायर तपासले होतेत? तपासले असतील, तर स्वतः बाद केलेला माल तुम्ही पसंत करून नेलात. तपासले नसतील, तर टायर ठणठणीत असतील आणि सही बाद. दोघांपैकी एकालाच वाचवता येईल. टायरला, नाहीतर तुम्हाला."

तपासणीस स्टुलावर बसले.

सोमवारी पावणेसातला बाई दारात उभ्या होत्या. एका हातात किल्ली, दुसऱ्यात डबा.

"मला डोंगर चढायचाय. खरं सांगा, तपासले होतेत?"

सतरा वर्षांच्या नोकरीत कोणी न विचारलेला प्रश्न त्यांना दोन दिवसांत दुसऱ्यांदा विचारला गेला.

"नाही," ते पुटपुटले. "यादी आली की रंग लावायचा."

"देव पावला! म्हणजे टायर चांगले असू शकतात."

"असू शकतात." त्यांचा चेहरा जरा उजळला.

"तरी फुग्याची भीती वाटते. त्यापेक्षा तुमच्या ऑफिसच्या बसने जाते. ती शाळेवरूनच जाते. तिच्या टायरांवर तर पांढरी खूण आहे, नाही का?"

चेहरा होता तिथे परतला.

"अहो, पांढरी तरी बघून करता ना?"

तपासणिसांनी आधी बाईंच्या हातातली किल्ली काढून घेतली, मग डबाही. "आज रजा टाक," ते म्हणाले, आणि समोरून जाणाऱ्या आपल्याच बसकडे पाठ करून टॅक्सी शोधायला धावले. दहा वाजता घरी चार नवे टायर आले. भाव न विचारता घेतलेली त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वस्तू.

अकरा वाजता ते कार्यालयात पोचले. टेबलावर नवी यादी होती. शिरस्त्याप्रमाणे तिच्याबरहुकूम, एकही टायर न तपासता, त्यांनी रंग लावला आणि सह्या ठोकल्या.

संध्याकाळी फुलीचे चार टायर पुन्हा काळ्या पॉलिशने चमकले आणि मोबाइलवर जाहिरात चढली : 'चार टायर विकणे आहे. वाहन-तपासणिसांच्या घरची गाडी. बाईमाणसाने चालवलेली. रोज फक्त शाळेत.' यात एक अक्षर खोटं नाही. तासाभरात नऊ फोन आले. आतली बाजू कोणी विचारली नाही.

आता किंमत. पहिल्या ओळीपासून तुम्ही तिचीच वाट पाहताय, हे दिसतंय. पण ती इथे छापता येत नाही. टायर अजून विकायचे आहेत, आणि तुमच्यासारखं गिऱ्हाईक दारात आलेलं असताना भाव आधीच फोडायचा नसतो.