लिंबू आला का?

"आता त्या मागतील ते द्या," एवढंच बोलून डॉक्टर उठले, तेव्हा सगळे काय ते समजले. आणि म्हातारी मागत काय होती? लिंबू.

"लिंबू आला का?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"आलं का, आई. लिंबू आलं का," थोरला म्हणाला. त्याचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता; आई मरणाच्या दारात असली म्हणून चूक तशीच जाऊ देणं त्याला जमेना. बाहेर येऊन मात्र त्यानं डोळे पुसले. "आईचं व्याकरण गेलं. आता काही खरं नाही."

लिंबं आणायला धाकट्याला पिटाळलं. लहानपणी खेळात तो लिंबूटिंबू. बाद झाला तरी चालायचं, कारण त्याला कोणी धरतच नसे. पन्नाशी आली तरी घरात तेच चाललं होतं. आईजवळ घटकाभर बसायला मिळावं म्हणून बिचारा सकाळपासून दाराशी उभा होता. हातात पिशवी मिळाली.

थोरल्या सुनेनं सरबत केलं. म्हातारीनं ओठ घट्ट मिटले.

"साखर कमी पडली असेल."

"कोमट करून बघ."

"अहो, लिंबंच कडू आहेत! भाऊजींना म्हणावं, पातळ सालीची आणा."

धाकटा उंबऱ्यावरूनच परत फिरला. आत म्हातारीनं पुन्हा विचारलं, थोरल्यानं पुन्हा दुरुस्त केलं. पातळ सालीची आली, तर ती हिरवी निघाली. धाकटा पुन्हा बाजारात. इकडे म्हातारीला धाप लागू लागली होती आणि आवाज खोल चालला होता.

दिवेलागणीला मात्र धाकटा थेट खोलीत शिरला, कारण पिशवी फाटली होती. लिंबं पलंगाखाली घरंगळली.

"लिंबू आला का?"

थोरल्यानं तोंड उघडलं.

"आलो गं, आई," धाकटा म्हणाला.

म्हातारीनं डोळे उघडले. पोरं लिंबूटिंबू म्हणून चिडवायची, त्यातलं अर्धं नाव तिनं लाडानं ठेवून घेतलं होतं. बाकीचे ते केव्हाच विसरले होते.

"कुठं होतास रे दिवसभर?"

"लिंबं आणायला गेलो होतो."

"कुणाला हवी होती मेली लिंबं?"

धाकटा उशाशी टेकला. थोरला वाकून पलंगाखालची लिंबं गोळा करायला लागला, आणि सगळी सापडली तरी वर येईना.