क्रियापदं अंगात मुरवताना

हॉटेलात पाहुण्यांचं सामान उचलणाऱ्या काकांनी घरात जाहीर केलं, "महिन्याभरात रिसेप्शनच्या खुर्चीत बसलो नाही, तर मिशी उतरवीन!" खुर्ची रिकामी झाली होती, आणि काकांच्या गुडघ्यांना तिची फार गरज होती. मध्ये आडवी पडली होती ती मुलाखतीत विचारली जाणारी इंग्रजी क्रियापदं!

शाळेत शिकवणारी भाची म्हणाली, "मामा, नुसतं घोकू नका. क्रिया करत करत म्हणा, म्हणजे डोक्यात बसतं."

झालं! काकांना पडत्या फळाची आज्ञा. 'ब्रेक, ब्रोक, ब्रोकन' म्हणताना तीन कप फुटले.

"अहो, एक फोडून भागलं नसतं?" बायको किंचाळली.

"अगं, भूतकाळ वेगळा फोडावा लागतो!"

'फॉल, फेल, फॉलन'साठी पलंगावरून तीनदा पडले. गुडघे आणखी कामातून गेले.

मुलाखतीच्या दिवशी एकच क्रियापद उरलं होतं, हाइड. घरी पडद्यामागे लपलं की पोट बाहेर यायचं आणि बायको भाजी चिरता चिरता म्हणायची, "दिसताय."

काका वेळेआधीच मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये पोचले. आत कुणी नव्हतं. कोपऱ्यात कोट टांगायचं उंच कपाट! काका आत शिरले, दार ओढलं, "हाइड," असं पुटपुटले, आणि खट्! खटका बाहेरून लागला.

तेवढ्यात साहेब आले, सोबत अकाउंटंट. हाक मारावी, तर साहेबांच्या कपाटात काय करताय याला उत्तर काय द्यायचं? काका कोटांमागे सरकले.

"मुलाखत नावापुरती," साहेब म्हणाले. "खुर्ची काकांनाच द्यायची. इतकी वर्षं कधी उशीर नाही." कपाटात काकांचे डोळे भरून आले. "पण आहेत कुठे? वेळ होऊन गेली की!"

"घाबरून पळाले असतील, साहेब."

पळाले? काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दाराला जी धडक दिली, ती खटका तुटून काका साहेबांच्या कोटांसकट थेट टेबलावर!

"व्हॉट इज धिस?" साहेब ओरडले.

काकांनी डोक्यावरचा कोट बाजूला केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हाइड, हिड, हिडन, सर!"

साहेब पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "इंग्रजी चोख आहे हो! पण काका, रिसेप्शनला समोर दिसणारा माणूस लागतो."

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "मिळाली का खुर्ची?"

"मिळाली की!" काका चपला काढत म्हणाले. "साहेबांनी तिच्यावर बसवून पाणी दिलं, ते पिऊन होईपर्यंत."