सेक्टर सहाहून मुंबई

माझं चुकलं ते बसण्यात. खरं म्हणजे बसणं मला चांगलं जमतं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून आहे, पगार त्याचाच मिळतो. पण शेजारच्या लांजेवारभाऊंच्या होडीत पहिल्यांदा चढलो, पुढची फळी रिकामी दिसली आणि टेकलो, तसं वल्हं थांबवून ते शांतपणे म्हणाले, "बाबूजी, जरासे सरका. तिच्या लुगड्यावर बसले तुमी."

मी ताडकन उठलो. फळीवर काहीच नव्हतं.

होडी त्यांच्या सेक्टर सहामधल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात होती, विटांवर चढवलेली. भिलाईत समुद्र नाही, हे भाऊंना कोणी सांगायला गेलं नाही, मीही नाही. रशियाहून यंत्रं ज्या खोक्यांतून येत, त्यांच्या फळ्यांचे आमच्याकडे पलंग होत, पाट होत, कोंबड्यांची खुराडी होत. भाऊंनी होडी केली. एका बाजूला अजून ती परदेशी अक्षरं होती आणि छत्रीचं चित्र होतं. म्हणजे, माल भिजू देऊ नका.

भाऊ मूळचे भंडाऱ्याकडचे, वैनगंगेत डोंगा चालवलेले. इथे क्रेनखाली माल बांधणारे खलाशी. 'हबेस' म्हणजे उचला, 'आरिया' म्हणजे खाली सोडा, हे जहाजावरचे शब्द क्रेनबरोबर कारखान्यात आले आणि भाऊंच्या घरापर्यंत पोचले. चहाची कपबशी तोंडाला लावायची तर हबेस, खाली ठेवायची तर आरिया. आमच्या थोरल्याच्या लग्नात नवरदेवाला घोड्यावर त्यांनी हबेस म्हणूनच चढवलं.

एकदा अवजड माल उतरवायला त्यांना मुंबईच्या बंदरात धाडलं होतं. तिथल्या एका ठेकेदाराने खूश होऊन आपल्या खाजगी लाँचमधून दिवसभर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवलं, मग शहर दाखवलं. भाऊंनी गावी बायकोला, पार्बताबाईला, निरोप पाठवला : क्वार्टर मिळू दे, तुलाही असंच नेतो. क्वार्टर मिळालं, त्याच्या आदल्या आठवड्यात ती तापाने गेली.

तेव्हापासून दर रविवारी, जेवणं झाली की, ही सफर. भाऊ वल्हवत, बोटाने दाखवत, थांबून ऐकत आणि उत्तर देत. "राजवाडा नाही वो, टेसन हाय ते." त्या पहिल्या दिवशी मी मिशीतल्या मिशीत हसलो. मग फळ्यांखाली चपचप ऐकू आलं. वाकून पाहिलं, विटा कोरड्या होत्या. ओठांवर मीठ लागलं, ते मी सकाळच्या लोणच्यावर ढकललं.

समुद्राकाठच्या त्या मोठ्या दगडी दारापाशी आलं की भाऊ होडी वळवत. "उतरत नाही ती," ते मला म्हणाले. "एवढी गर्दी पाहून भेते. पुढच्या खेपेले म्हणते."

पण पुढच्या खेपा संपत आल्या होत्या, आणि तेही माझ्यामुळे. फळ्या बाहेर काढायचा गेटपास मीच लिहिला होता. काय लिहावं सुचेना, म्हणून लिहिलं, 'जळाऊ लाकूड'. टाउनशिपचे साहेब तपासणीला आले. होडी पाहिली, पास पाहिला आणि लेखी कळवलं की सदर लाकूड सोमवारपर्यंत जाळावं, नाहीतर परत करावं.

मी माफी मागायला गेलो. भाऊ रागावले नाहीत. "रविवार हाय ना मंधात," एवढंच म्हणाले. "काठावर मानूस पायजे. याल?"

काठ म्हणजे मोरीची पायरी. एका हातात पान, दुसऱ्या हातात होडीचा दोर घेऊन मी उभा राहिलो. मागे आमची ही, मला घरी न्यायला आलेली, कमरेवर हात ठेवून. भाऊंनी बराच वेळ वल्हवलं. मग हळूच म्हणाले, "उतर आता. उद्यापासून होडी नाही. बाबूजी हायेत, वयनी हायेत." आणि मला, "आरिया."

मी दोर ढिला सोडायला गेलो, तेवढ्यात हिचा हात माझ्या बाजूने पुढे आला. तो ताठ होता आणि ओला होता. क्षणभराने विटा करकरल्या आणि होडीचं पुढचं टोक वर आलं, एक माणूस उतरल्यावर येतं तितकं. भाऊंनी वल्हं आत घेतलं आणि ते रिकाम्या फळीवर हात ठेवून बसून राहिले.

सोमवारी त्यांनी स्वतःच कुऱ्हाड घातली. मी रॉकेल नेलं होतं. चैत्रातलं कडक ऊन, तरी फळ्या पेटेनात. छत्रीच्या चित्राची फळी तर पिळून काढावी इतकी ओली.

घरी येऊन मी बायकोला विचारलं, काल तू मधेच हात कशाला पुढे केलास?

"तुमच्या एका हाती दोर, एका हाती पान," ती पोळी उलटत म्हणाली. "बाईमानूस उतरून राहिली, कोनी हात देनार का नाही? लय गार हात होता तिचा. घट्ट धरून होती. मंग सोडला. समोर काही दिसलं असन तिले."