काय ऐकू आलं?

आमच्या शेजारच्या रामटेके काकांच्या हातात कलिंगड दिलं तर ते वाजवून बघतात. यात विशेष काही नाही, सगळेच बघतात. पण काका नवीन हेल्मेट वाजवतात, दूधवाल्याची किटली वाजवतात, आणि माझ्या लहान भावाचं टक्कल केलं होतं तेव्हा त्याचं डोकंही त्यांनी बोटानं वाजवलं होतं. वाजवल्यावर ते स्वतः काही बोलत नाहीत. समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात आणि विचारतात, "काय ऐकू आलं?"

भाऊ म्हणाला, "लागलं."

काकांनी तीस वर्षं जबलपूरच्या एका पॉटरीत सांडपाण्याचे भाजलेल्या मातीचे पाइप तपासले. भट्टीतून निघालेला प्रत्येक पाइप लाकडी हातोडीनं ठोकायचा, हेच काम. चांगला पाइप 'टन' वाजतो आणि आत तडा असेल तर 'ठस'. तो तडा डोळ्यांना दिसत नाही, वरची चकाकी त्याला झाकून टाकते. "अर्ध्या शहराचं घाण पाणी माह्या भरोशावर वाहून राहिलं," असं ते फार अभिमानानं सांगतात. घरी पाहुणे जेवायला बसले असतील तर हमखास सांगतात.

रिटायर झाल्यावर ते कप बनवायला लागले. पण हाताला सवय पाइपांची. त्यांचा कप चहा भरून उचलायचा म्हणजे दोन्ही हात लागतात. माझी आई त्यात मीठ ठेवते. बाबा डिफेन्स फॅक्टरीत आहेत, त्यांचं मत असं की हा कप फॅक्टरीनं विकत घ्यायला हरकत नाही. काका स्वतः मात्र आपल्याच एका पांढऱ्या कपात चहा पितात, आणि त्याच्याखाली बशीऐवजी चार घड्या केलेलं फडकं ठेवतात. आम्ही ती त्यांची एक तऱ्हा समजत होतो.

जबलपूरच्या चेरीताल वस्तीत आमची आणि त्यांची भिंत एकच आहे. मी शाळेत असताना भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी आवाज यायचे. टन. मग स्वयंपाकघरातून काकू मोठ्यानं "हूं!" टन. "हूं!" ठस. "काढा!" काकूंचा आवाज पूर्ण गल्लीला ऐकू जायचा. आई म्हणायची, "बिचारी कटाळली असंल. कामधंदा सोडून यांच्या हातोडीले जबाब देऊन राहिली." टन आणि ठस यांतला फरक मी तिथंच शिकले, गणिताचा अभ्यास करता करता. म्हणून माझं गणित तसंच राहिलं.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. हातोडी चालू राहिली, पण काका आता दूधवाल्याला, पोस्टमनला, मीटर बघायला येणाऱ्या भैयाला थांबवून कप ठोकायचे. "काय ऐकू आलं?" मीटरवाला भैया आमच्याकडे येऊन विचारायचा, "दीदी, इनको क्या बोलना है?" त्याच काळात कोणी हळू आवाजात जयभीम केला तर काका उत्तर न देता निघून जायला लागले. बाबा म्हणाले, "रिटायर झाल्यावर माणसाले अकड येते."

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे कोणाचंही काही अडलं की मला बोलावतात, मग ते मोबाइलचं असो की नळाचं. या वर्षी काका आले. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या कारखान्याची भट्टी आठ जण मिळून चालवतात आणि आपला माल भाजायला प्रत्येकाची भट्टीत एक फळी असते. त्यांचा नियम असा की लागोपाठ दोन हस्तकला मेळ्यांत ज्याचं काहीच विकलं जाणार नाही, त्यानं आपली फळी दुसऱ्याला द्यायची. गेल्या मेळ्यात काकांचा एकही कप गेला नव्हता.

"तू चल," काका म्हणाले. "तुले इंग्लिश येते."

मला इंग्लिश तितकंसं येत नाही. पण मी गेले.

गेल्या वेळी कप का गेला नाही, ते पहिल्या अर्ध्या तासात कळलं. गिऱ्हाइकानं कप उचलला की काका तो काढून घेत, हातोडीनं ठोकत आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसत. "बताइए, क्या सुनाई दिया?"

"कुछ नहीं."

"फिर से सुनिए."

एक गृहस्थ चार वेळा ऐकून म्हणाले, "दादाजी, कप लेना है, परीक्षा नहीं देनी." एक कॉलेजची मुलगी घाबरून "टिंग?" म्हणाली, तर काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, जणू ती नापास झाली. मी म्हटलं, "काका, लोकांना काहून विचारता? तुम्हीच ठोका अन् द्या ना." काका म्हणाले, "घेणाऱ्यानं ऐकलंच पाहिजे." मला वाटलं, तत्त्वाची माणसं अशीच असतात. मी त्यांना मनातून थोडा मानही दिला.

शेवटचा दिवस उजाडला, दुपारही सरली, तरी एक कप गेला नव्हता. भट्टीचा सगळा कारभार बघणाऱ्या दीदी दोनदा येऊन नुसत्या बघून गेल्या. तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांनी निळा कप निवडला, सगळ्यात देखणा. काकांनी ठोकला.

ठस.

"क्या सुनाई दिया?"

बाईंना घाई असावी. "बहुत मीठा," त्या म्हणाल्या. "पैक कर दीजिए."

काकांचा चेहरा एकदम उजळला. ते कप कागदात गुंडाळायला लागले. मी थिजून बघत होते. तीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला हे कसं कळलं नाही? बोलावं की नाही? गप्प राहिले तर फळी वाचत होती. कपातला चहा आज ना उद्या पाझरला असता, पण तो बाईंच्या घरी. माझ्या तोंडून काकूंसारखंच मोठ्यानं निघून गेलं, "काढा!"

काकांचे हात थांबले. बाई चिडल्या. "पहले मुझसे पूछते हैं, फिर बच्ची से!" आणि त्या निघून गेल्या.

मला रडू येत होतं. काका रागावले नाहीत. निळा कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "ठस होता का वं?"

"हो. तुम्हाला नाही ऐकू आलं?"

"बोलणं येते ऐकू. मोठ्यानं बोललं तर. पण ते बारीक टन... ते दहा वर्षांआधीच गेलं. भट्टीचा पंखा दिवसभर कानाजवळ असे." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "यायले सांगू नको. चेकिंगवाला बहिरा झाला म्हटलं तर फळी कोण देईल मले? तुही काकू होती तोवर काही वाटलं नाही. मी ठोको, ते ऐके. शेवटचा कप तर खाटेवर पडल्या पडल्या पास केला तिनं. पांढरा. मी चहा पितो ना, तोच."

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "ठोका."

टन. "हूं!" टन. "हूं!" ठस. "काढा!" तीस-बत्तीस कपांतून पाच निघाले. मी इतक्या मोठ्यानं ओरडत होते की लोक जमले. समोरच्या दुकानातून त्या बाईही बघत होत्या. शेवटी परत आल्या आणि म्हणाल्या, "वो दीजिए, जिसमें हूं बोली." त्यांनी दोन घेतले. उचलताना म्हणाल्या, "भारी बहुत हैं," पण घेतले. फळी वाचली.

आता संध्याकाळी मी भिंतीच्या अलीकडून ओरडते. आई म्हणते, "काकूची बदली आली."

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे बसले होते. काकांनी दोघांसाठी चहा केला. त्यांचा पांढरा कप अजून रिकामा होता. हाताला सवय लागली आहे, मी सहज त्याला बोटानं ठोकलं.

ठस.

मी वर बघितलं. काका माझ्या तोंडाकडेच बघत होते. ज्या माणसानं दूधवाल्याला सोडलं नाही, मीटरवाल्याला सोडलं नाही, त्यानं मला काही विचारलं नाही. चहाच्या डागांनी तपकिरी झालेलं फडकं सरळ केलं, कप त्यावर ठेवला आणि त्यात चहा ओतला.

"पी वं पोरी," ते म्हणाले. "थंडा होऊन राहिला."