बरा झालेल्या हिरूची फाईल

माणसाचं हृदय डाव्या बाजूला असतं आणि त्याचा खर्च उजव्या रकान्यात. दोन्हींवर सारखं लक्ष राहावं म्हणून डहाणू-तलासरी पट्ट्यात 'हृदयस्नेही' हा दूरदर्शी कार्यक्रम सुरू झाला. (दूरदर्शी अशासाठी, की चालवणारे साहेब लांबूनच बघत.)

कैनाडच्या हिरूला दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. तेव्हापासून कार्यक्रमाची गोळी रोज सकाळी घेऊन तो भात लावत होता, कोंबड्यांमागे धावत होता, बायकोशी भांडत होता. थोडक्यात, प्रकृती ठणठणीत. इथेच त्याचं चुकलं.

सोमवारच्या शिबिरात सिस्टर भारतीने त्याचं बीपी मोजलं. एकशे तीस. समन्वयक नविन साहेबांनी टाळ्या वाजवल्या, शाल घातली, 'हृदयविजेता' छापलेलं प्रमाणपत्र हातात दिलं आणि गोळ्या बंद केल्या.

"साहेब, गोळीनंच तर उतरलंय!"

"उतरलंय ना? मग गोळी कशाला?"

शास्त्र बिनतोड होतं. छत्रीखालचा माणूस कोरडा दिसला, की छत्री काढून घ्यायची. शिवाय दर विजेत्यामागे एका माणसाच्या गोळ्या वाचत. हिरू एकशे बारावा. (आधीच्यांपैकी नऊजण पुढच्या शिबिराला येऊ शकले नाहीत. त्यांच्यावर तर आता खर्च शून्य.)

हिरूकडे चार गोळ्या उरल्या होत्या. गोळी नसली की काय होतं, हे छातीने त्याला एकदा नीट समजावलं होतं. म्हणून पुढच्या सोमवारसाठी तो तयारीला लागला. खारे बांगडे खाल्ले, टेकडी पळत चढला, आणि बायकोला म्हणाला, "पुतळे, रांगेत माझ्याशी भांड."

"फुकट?" पुतळी म्हणाली, पण भांडली. सगळ्यांसमोर त्याच्या बहिणीचा, बैलाचा आणि लग्नातल्या लुगड्याचा उद्धार केला. मशीन एकशे नव्वदवर गेलं.

"पात्र!" सिस्टर हरखली.

साहेबांनी मोबाईलमध्ये बघितलं. "नाव चढत नाही. तुम्ही बरे झालेले आहात."

"पण आता बिघडलोय ना!"

"बाबा, तुम्ही बिघडलात तर आमचे विजेते एकशे अकरा होतात. अहवाल छापून झालाय."

"छापलाय? मग त्याला सकाळी चहाबरोबर अहवालच गिळायला द्या!" पुतळी पुढे सरसावली. यानंतर ती जे बोलली त्यासाठी अहवालात रकाना नाही. ती बोलत असतानाच सिस्टरने गुपचूप तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. दोनशे चार.

"नवीन रुग्ण," सिस्टर शांतपणे म्हणाली. "तीस गोळ्या."

घरी पुतळीने सुरीने गोळी कापली. "ही अर्धी तुझी. आणि मला रोज चिडवत जा, नायतर मी बरी होईन."

आणखी गोळ्या मिळतील या भाबड्या आशेने सिस्टरने ही कापाकापी साहेबांच्या कानावर घातली. साहेब भारावले. अर्ध्या गोळीत माणूस जगतो, हे कुणी सुचवलंच नव्हतं! लगेच आदेश निघाला: यापुढे प्रत्येकाला अर्धीच. तलासरीजवळ हायवेवरच्या हॉटेलात साहेबांना पुरस्कार मिळाला. पुतळीची सुरी आता पाव गोळीवर आली आहे.

वाचकहो, हे वाचून डोकं तापलं असेल, तर ते तसंच तापलेलं घेऊन सोमवारी या. रांगेत जागा आहे. हसू आलं असेल, तर अभिनंदन. एकशे तेरावं प्रमाणपत्र तुमच्या नावाने छापायला टाकलंय. शाल तेवढी घरून आणा.