कोपऱ्यातली रिझर्व्ह खोली

ज्या माणसाने दिवसभर बसून पाहिल्याशिवाय कधी प्लॉट घेतला नाही, त्याची खोली मी पाच मिनिटांत भाड्याने देऊन टाकली. न विचारता. पुढे जे केलं ते याहून वाईट. तेही सांगतो, पण आधी देवीदासकाका कळायला हवेत.

काका एसटीतले निवृत्त कंडक्टर, दारव्ह्यात माझे शेजारी. नोकरीत असताना त्यांनी एक प्लॉट घेतला, त्यावर ओळीने चार खोल्या काढल्या. एकीत स्वतः राहतात. गेली सहा वर्षं ते दुसरा प्लॉट शोधताहेत. दलालाने बोलावलं की घडीची खुर्ची, छत्री आणि पोळीभाजीचा डबा घेऊन सकाळी आठला हजर. "प्लॉट पाह्याचा नसते मास्तर, त्याच्यावर बसा लागते," हे त्यांचं म्हणणं. सौदा पटला तर "डबल!" आणि नाही पटला तर "सिंगल." कंडक्टरच्या दोन घंटांवर गाडी निघते, एकीवर थांबते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

एकदा गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये मीही सोबत होतो. दलाल नकाशा फडफडवत होता, "काका, समोर बगीचा येते. उद्या भाव वाढते."

"वाढू दे. मी आज बसतो."

दुपारी दोनला पंचवीस-तीस म्हशी आल्या आणि काकांच्या खुर्चीला वळसा घालून प्लॉटमधून सरळ निघून गेल्या.

"काहून बे, रोज इकडूनच?" काकांनी गुराख्याला विचारलं.

"मंग! पांदण हाय ना बाप्पा, ढोरायची वाट. आज्याच्या टायमापासून."

"सिंगल," म्हणत काकांनी खुर्ची मिटली. शेजारचा प्लॉट मी आधीच घेऊन बसलो होतो. कागद बघून. म्हशी त्यातूनही अजून जातात.

भाडेकरूंचीही तीच तऱ्हा. मे महिन्यात, पंखा बंद करून, त्याला तासभर खोलीत बसवायचं. "मंग म्हनू नका गरम होते." बाई सोबत असेल तर तिच्या हाताने नळावर बादली भरायला लावायची. इतकं करूनही टिकलेला भाडेकरू मग वर्षानुवर्षं हलत नसे.

कोपऱ्यातली, काकांच्या खोलीला लागून असलेली चौथी खोली मात्र कायम कुलपात. दर शनिवारी ते ती झाडत, माठ घासून भरत, रविवारी तेच पाणी तुळशीला घालत.

"काका, खाली खोली म्हणजे नुकसान," मी म्हणायचो.

"खाली नाई. रिझर्व्ह हाय."

मला ती त्यांची आणखी एक गंमत वाटायची.

गेल्या उन्हाळ्यात ते डोळ्याच्या ऑपरेशनला लेकीकडे नागपूरला गेले. चाव्या माझ्याकडे. कृषी केंद्रात नोकरीला लागलेला एक माणूस बायको आणि दोन पेट्या घेऊन दारात आला आणि मी खोली उघडून दिली. फोन करता आला असता. पण मला वाटलं, काका आल्यावर खूश होतील.

आठवड्याने एक म्हातारा आला. खांद्यावर वळकटी, हातात पत्र्याची ट्रंक. मी उत्तरपत्रिका तपासत होतो.

"देवीदास?"

"नागपूरला गेलेत."

तो कोपऱ्यातल्या खोलीपुढे वाळणाऱ्या साड्यांकडे बघत राहिला. "थे खोली देल्ली काय त्यानं?"

"दिली. पुढच्या गल्लीत विचारा, तिकडे मिळेल."

"बरं झालं," म्हणाला, आणि ट्रंक उचलून गेला.

काका परतले ते काळा चष्मा लावून. साड्या बघून थबकले. ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "कोनी आलतं काय, मास्तर?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो, ते अजून सांगता येत नाही. त्यांचा चेहरा बघून घाबरलो असेन.

मग काका रोज सकाळी ओट्यावर बसून फोन लावायचे. "गुलाब उचलूनच नाई राह्यला." गुलाब राठोड हे त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर. पुसदच्या रस्त्यावर दोघांनी अठरा वर्षं एकत्र ड्युटी केली. हा खोल्यांचा प्लॉटही खरं तर दोघांनी मिळून घेतला होता, सुटीच्या दिवशी दोघं मिळून त्यावर बसले होते. निवृत्तीनंतर एकाच ओट्यावर राहायचं ठरलं होतं. पण गुलाबभाऊ पोराकडे वणीला गेले, पुढल्या साली येतो, पुढल्या साली येतो करत राहिले. "उन्हाळ्यात नक्की येतो म्हनत होता," काका म्हणायचे आणि पुन्हा नंबर लावायचे.

महिनाभर मी ते माझ्या खिडकीतून बघितलं.

एका सकाळी सहन झालं नाही. ओट्यावर जाऊन सगळं सांगितलं. ट्रंक, साड्या, पुढची गल्ली. काकांनी हातातला फोन ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "पानी तरी देल्लं काय त्याले?"

दिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी त्या भाडेकरूंना माझ्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या दिल्या आणि काकांसोबत वणीची गाडी धरली. कोळशाच्या ट्रकांच्या रांगेमागे पोराचं घर. गुलाबभाऊ दारात खाटेवर बसले होते. काकांना बघून त्यांनी मान फिरवली. काका तोंड उघडणार, तोच मी पुढे झालो.

"भाऊ, यांनी तुमची खोली कोणाला दिली नाही. मी दिली, यांना न विचारता. तुम्हाला दारातून मी पाठवलं, आणि तुम्ही आला होतात हेही यांच्यापासून लपवलं. माझं चुकलं. मला माफ करा."