सात दगडांची खूण

"मॅक्सिम सर अजून कसे आले नाहीत?" रविकांतने पाचव्यांदा विचारलं.

समोर हजारो वर्षांपूर्वीची दगडी थडगी उलट्या टोपल्यांसारखी रांगेत उभी होती. मागे, खडीच्या सपाट माळरानापलीकडे, सकाळी पाहिलेल्या गावाचा मातीचा किल्ला आणि खजुराची झाडं अंगठ्याएवढी दिसत होती. रविकांतचं मात्र यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. आखातातल्या सोहारच्या कारखान्यातलं त्याचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीस संपत होतं, आणि रिन्युअलचा कागद तीन आठवडे त्याचे गोवेकर साहेब मॅक्सिम सर यांच्या टेबलावर सहीवाचून पडला होता. शुक्रवारची ही सहल त्याने त्या सहीसाठीच आखली होती.

"येतील हो," त्याची बायको विद्या म्हणाली. "मॅडम गावात हलवा घेत असतील."

"पाऊण तास हलवा?"

गावातला वाटाड्या हमूद सावलीत निवांत बसला होता. "रास्ता एकदम सीधा है," तो म्हणाला. "पत्थर का निशान दिखा, बाएँ मुड़ो. खलास."

"तेच मी सरांना कळवलंय. पंपानंतर कच्चा रस्ता, दगडांची रास दिसली की डावीकडे." रविकांतने मोबाइल उंच धरला. रेंज नव्हतीच.

नववीतल्या इराने कानातून इयरफोन काढला. "बाबा, कुठली रास? फर्स्ट की सेकंड?"

"सेकंड कुठली? एकच आहे."

"नाही ना. आईने पण बनवली. तू टायर चेक करत होतास तेव्हा."

रविकांत बायकोकडे वळला. विद्या एकदम थडग्यांचं निरीक्षण करू लागली.

"किती दगड?"

"सात."

"सात कशाला?"

"आपला फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे म्हणून."

देवीच्या गडावर जाताना वाटेत दगडावर दगड रचले की स्वतःचं घर होतं, हे विद्या लहानपणापासून ऐकत आली होती. पुण्यातली त्यांची इमारत चार वर्षं पाचव्या मजल्यावरच अडकून पडली होती. इथे नजर जाईल तिकडे दगड पाहून तिला राहवलं नाही. रुंद दगड खाली, चपटे वर, अशी तिने रास इतकी पक्की रचली होती, की बांधकामात दोष काढायला जागा नव्हती.

"अगं, इथे देवी कुठे आहे?"

"छोटा उंचवटा होता की!"

रविकांतने हमूदला हळूच सांगितलं, की टायर तपासायला थांबलो त्या चौथ्या किलोमीटरला आणखी एक निशाण आहे. हमूद उठून उभा राहिला. "चार पे? मेरा तो छह पे है! चार पे बाएँ गीली मिट्टी है. ऊपर सूखा, अंदर कीचड़. यल्ला, जल्दी चलो!"

हमूदची गाडी पुढे आणि रविकांतची मागे, असे सगळे परत निघाले. चौथ्या किलोमीटरला टायरच्या ताज्या खुणा डावीकडे वळल्या होत्या. शंभर मीटरवर सरांची गाडी अर्धी चाकं बुडून तिरकी बसली होती. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एका पायात बूट घालून उभे होते. त्यांच्या पत्नी लुर्डस छत्री उघडून बॉनेटवर बसल्या होत्या.

"रविकांत! मॅन, तुझा मेसेज फॉलो केला! दगड बघितले, लेफ्ट मारला, फिनिश!"

"सर, वाऱ्याने कदाचित..."

"वारा दगड रचतो?"

तिकडे हमूद राशीपाशी बसून दगड मोजत होता. "ये मेरा नहीं. मैं तीन पत्थर रखता है." त्याचा चेहरा पडला. "अब सब लोग बोलेगा, हमूद का निशान गलत है. कौन आएगा मेरे साथ?"

ते ऐकून विद्याला राहवेना. "सर, ती रास मी रचली. आमच्या घरासाठी. चार वर्षं पझेशन नाही हो."

रविकांतने डोळे मिटले. मनातल्या मनात त्याने बॅगा भरल्या, इराचा शाळेचा दाखलाही काढला.

"म्हणजे," सर रविकांतकडे वळून सावकाश म्हणाले, "तुझा फ्लॅट रेडी नाही?"

"नाही सर."

"मग तू पुण्याला परत नाही जात?"

"घरच नाही, तर जाऊ कुठे सर?"

"अरे देवा! मला कोणी तरी सांगितलं, तुझं घर झालं. म्हटलं, हा माझी सही घेणार आणि सहा महिन्यांत टाटा करणार. म्हणून पेपर ठेवून दिला साइडला!" सरांनी चिखलाच्या हाताने त्याच्या पाठीवर थाप मारली. "संडेला सही. नेहमीची दोन वर्षं कशाला, चार वर्षांचं करतो!"

रविकांतने आभार मानायला तोंड उघडलं.

"चार?" विद्या मध्येच म्हणाली. "म्हणजे चार वर्षं आमचं घर होत नाही, असं तुम्हीच म्हणताय सर. एक करा."

"एक? कंपनीत असं चालत नाही, विद्या."

"दीड."

"मॅक्सिम, तिचं ऐक!" लुर्डस बॉनेटवरून ओरडल्या. "कोणाच्या घराबद्दल असं वाईट बोलू नये."

हमूदने तोवर दोर बांधला आणि त्याच्या गाडीने हिसका दिला. सर आणि विद्या बाजूला उभं राहून साडेतीनवरून अडीचवर आले, आणि गाडी सुटली तेव्हा सौदा दोन वर्षांवर ठरला होता. रविकांतला कुणी विचारलं नाही. तो मागून ढकलत होता.